झाशीचं दत्तक प्रकरण: तलवारीच्या आधीचा लढा

‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ हे वाक्य आपण तटावरून, घोड्यावरून, हातात तलवार घेऊन म्हटलेलं ऐकतो. नाटकात, चित्रपटात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ते तसंच येतं. त्याची लेखी नोंद मात्र एका वकिलाच्या आठवणींत आहे. प्रसंग १८५४ सालचा, झाशीच्या वाड्यातला. पडद्याआड राणी लक्ष्मीबाई, पडद्याबाहेर जॉन लँग हा इंग्रज वकील, आणि विषय होता खालसा झालेल्या झाशीच्या बदल्यात कंपनी देत असलेली पेन्शन घ्यायची की नाही.

लँग मूळचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला. कंपनी सरकारविरुद्ध एका मोठ्या ठेकेदाराचा खटला जिंकल्यामुळे त्याचं नाव उत्तर हिंदुस्थानात झालं होतं. राणीने त्याला आग्ऱ्याहून मुद्दाम बोलावून घेतलं. त्याने सरळ सल्ला दिला. खालसा झालेलं संस्थान परत देणं आता गव्हर्नर जनरलच्या एकट्याच्या हातात उरलेलं नाही, विलायतेत दाद मागावी लागेल. तोवर मंजूर झालेली पेन्शन ‘निषेध नोंदवून’ घेत राहा, म्हणजे दत्तक मुलाच्या हक्काला बाध येणार नाही. व्यवसाय म्हणून पाहिलं तर सल्ला शहाणपणाचाच होता. त्यावर पडद्याआडून ते वाक्य आलं.

आधी अशिलाचं वाक्य होतं, पुढे ते रणघोषणा झालं. मला हे प्रकरण तपशिलात लिहावंसं वाटलं ते यासाठीच. राणीचा लढा १८५७ मध्ये सुरू झाला असं आपण धरून चालतो. तो सुरू झाला नोव्हेंबर १८५३ मध्ये, आणि पहिली साडेतीन वर्षं तिने तो कागदावर लढला. त्या कागदांत दिसणारी बाई मला रणांगणावरच्या राणीइतकीच शूर वाटते.

प्रकरणाची सुरुवात

झाशीचे नेवाळकर मूळचे कोकणातले, कऱ्हाडे ब्राह्मण. पेशव्यांच्या वतीने बुंदेलखंडाचा हा मुलूख सांभाळायला गेलेलं घराणं तिथेच रुजलं. इंग्रजांशी त्यांचा पहिला करार १८०४ चा, शिवरावभाऊंच्या वेळचा. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरचे आपले हक्क इंग्रजांना दिले आणि त्याच वर्षी कंपनीने झाशीच्या रामचंद्ररावांशी नवा तह केला. त्या तहात संस्थान रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याकडे वंशपरंपरेने चालवण्याचं कबूल केलं होतं. पुढचं सगळं भांडण या एका कलमावर फिरलं.

१८३५ मध्ये रामचंद्रराव निपुत्रिक वारले. त्यांच्या नावाने एक दत्तक पुढे आला. कंपनीने तो मानला नाही आणि गादी काका रघुनाथरावांना दिली. १८३८ मध्ये तेही गेले, आणि बऱ्याच दावेदारांतून गंगाधररावांची निवड झाली. संस्थान कर्जात बुडालेलं होतं, त्यामुळे काही वर्षं कारभार कंपनीनेच पाहिला, मग तो त्यांच्या हवाली केला. ही १८३५ ची घटना वाचकाने लक्षात ठेवावी. वीस वर्षांनी ती झाशीच्याच विरोधात पुरावा म्हणून वापरली गेली.

गंगाधरराव आणि मणिकर्णिका तांबे यांचं लग्न १८४२ चं. १८५१ मध्ये मुलगा झाला आणि तो तीन-चार महिन्यांतच गेला. गंगाधररावांची प्रकृती त्यानंतर ढासळत गेली. नोव्हेंबर १८५३ मध्ये आपण वाचत नाही हे त्यांना कळून चुकलं, तेव्हा त्यांनी घराण्यातल्याच वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव विधिपूर्वक दत्तक घेतला. त्याचं नाव दामोदरराव ठेवलं.

या दत्तविधानात काही लपवाछपवी नव्हती. झाशीतला कंपनीचा अधिकारी मेजर एलिस आणि तिथल्या फौजेचा कॅप्टन मार्टिन यांना वाड्यात बोलावलं होतं. त्यांच्यासमोर गंगाधररावांचं पत्र वाचून त्यांच्या हाती दिलं गेलं. पत्रातली मागणी साधी होती. सरकारशी आपण इमानाने वागलो, त्याची जाण ठेवून या मुलावर कृपा असावी, आणि राणी हयात आहे तोवर संस्थानचा कारभार तिच्याकडे असावा. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, गंगाधरराव वारले.

मरणाच्या दारातल्या माणसाने साक्षीदार बोलावले, लेख केला, तो सरकारी अधिकाऱ्याच्या हातात दिला. कागदोपत्री आणखी काय करायचं बाकी होतं? तरीही खजिन्याला कंपनीची मोहोर लागली आणि प्रकरण वर गेलं.

दोन अधिकाऱ्यांची मतं

एलिसच्या वरचा अधिकारी म्हणजे ग्वाल्हेर आणि बुंदेलखंडाचा पोलिटिकल एजंट मेजर माल्कम. त्याने पहिल्याच अहवालात दत्तक मानू नये अशी शिफारस केली. त्याच माल्कमने राणीबद्दल काय लिहिलं ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे: ती लोकांत अतिशय आदर असलेली बाई आहे आणि कारभाराची जबाबदारी पेलायला पूर्ण समर्थ आहे. म्हणजे ‘बाईमाणसाला राज्य झेपणार नाही’ ही सबब कुणी पुढे केलीच नव्हती. तिची लायकी मान्य होती. नाकारला गेला तो हक्क.

एलिसचं मत वेगळं होतं. त्याने डिसेंबर १८५३ मध्ये वर कळवलं की ओरछाशी झालेला तह आणि झाशीशी झालेला तह यांत त्याला फरक दिसत नाही. ओरछ्याचा दत्तक सरकारने मानला होता, मग झाशीचा का नाही? हाताखालच्या माणसाने एवढं लिहायला धैर्य लागतं. त्याचं पत्र बाजूला पडलं.

ही वेळही समजून घ्यायला हवी. १८४८ मध्ये सातारा याच, म्हणजे दत्तकाला गादीचा वारस न मानण्याच्या, तत्त्वाखाली खालसा झालं होतं. सातारकरांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये तब्बल चौदा वर्षं खेटे घालून १८५३ मध्येच रिकाम्या हाताने निघाले होते. गंगाधररावांच्या मागोमाग तीन आठवड्यांत, ११ डिसेंबर १८५३ रोजी, नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. म्हणजे कलकत्त्याच्या एकाच मेजावर एकाच हंगामात झाशी आणि नागपूर अशी दोन मराठी संस्थानं निर्णयासाठी पडली होती, आणि साताऱ्याचा नमुना त्यांच्यापुढे तयार होता. मराठी वाचकाने हे प्रकरण फक्त बुंदेलखंडाचं समजू नये.

राणीचे खलिते

नवऱ्याच्या निधनानंतर दोन आठवड्यांच्या आत राणीचा पहिला खलिता गव्हर्नर जनरलसाठी गेला. दुसरा फेब्रुवारी १८५४ मध्ये. लँग येऊन गेल्यावर आणखी एक. खलित्याची भाषा दरबारी, नम्र, रीतीला धरून. आतला युक्तिवाद मात्र ठाम आहे आणि तो तीन अंगांनी मांडलेला आहे.

पहिलं अंग उपकारांचं. १८०४ मध्ये इंग्रजांचे पाय बुंदेलखंडात रोवले जात असताना शिवरावभाऊंनी साथ दिली. १८२५ मध्ये काल्पीवर संकट आलं तेव्हा झाशीची फौज आणि तोफा तिथे धावून गेल्या. ब्रह्मदेशच्या युद्धात रसद पोहोचवायला झाशीने पैसा पुरवला. आज हे वाचताना आपण थबकतो, कारण ज्या राणीला आपण स्वातंत्र्यलढ्याची ज्योत मानतो तीच इथे इंग्रजांवरच्या उपकारांची यादी देते आहे. पण त्यात लाजण्यासारखं काय आहे? करार पाळल्याचा पुरावा देणाऱ्यालाच दुसऱ्याने करार मोडला असं म्हणता येतं.

दुसरं अंग शेजाऱ्यांच्या दाखल्यांचं. दतिया, ओरछा, जालौन. त्याच बुंदेलखंडात त्याच सरकारने दत्तक मान्य केल्याची ही उदाहरणं खलित्यात नावानिशी दिली आहेत. एलिसचा मुद्दा आणि राणीचा मुद्दा इथे एकमेकांना मिळतात.

तिसरं अंग सर्वांत तल्लख. १८१७ च्या फारसी तहनाम्यात ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. राणीचं म्हणणं असं की ‘वारिसान’मध्ये रक्ताचे वारस आलेच. मग दुसरा शब्द कशासाठी घातला? रक्ताचा वारस नसेल तर ज्याला वारस म्हणून घेतलं तो गादीवर बसेल, यासाठीच. तह करताना दोन्ही बाजूंनी प्रत्येक शब्द तोलूनमापून घातलेला असतो, तो आता पोकळ ठरवता येणार नाही.

खलिते लिहिणारे हात मुनशींचे असतील, सल्ला कारभाऱ्यांचाही असेल. तरी त्यावर मोहोर राणीची होती आणि परिणाम भोगायची तयारीही तिचीच. तिचं वय पंचविशीच्या आसपास. नवऱ्याचं सुतक जेमतेम फिटलेलं.

निकाल

गव्हर्नर जनरल डलहौसी तेव्हा कलकत्त्याबाहेर होता. तो परतल्यावर २७ फेब्रुवारी १८५४ ला त्याने आपलं टिपण लिहिलं. त्याचा गाभा असा. संस्थानं एका दर्जाची नसतात. काही स्वतंत्र राजे, त्यांना दत्तकाचा अधिकार आहे. काही सार्वभौम सत्तेने दिलेल्या मुलखावर बसलेले, त्यांचा औरस वंश खुंटला की मुलूख देणाऱ्याकडे परत जातो. या भेदाला त्याने चार्ल्स मेटकाफच्या १८३७ च्या टिपणाचा आधार घेतला. झाशीकर पेशव्यांचे सुभेदार, पेशव्यांच्या जागी आता आपण, म्हणून झाशी दुसऱ्या वर्गात. शिवाय १८३५ मध्ये झाशीचाच दत्तक नाकारलेला आहेच.

कौन्सिलमधला कर्नल लो हा नागपूरच्या बाबतीत डलहौसीच्या विरोधात गेला होता. झाशीच्या बाबतीत त्यानेही मान डोलावली: झाशीकर कधी स्वतंत्र राजे नव्हतेच, आधी पेशव्यांचे चाकर आणि मग आमचे.

या टिपणात एक प्रांजळ कबुली आहे. डलहौसी म्हणतो की झाशी घेण्यात फार मोठा फायदा नाही, पण ती आमच्या जिल्ह्यांच्या मधोमध आहे आणि ती आमची झाली तर बुंदेलखंडाचा कारभार सुधारेल. तत्त्वाची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती इथे उघडी पडते.

आणखी एक गोष्ट माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. माल्कमने सुचवलं होतं की राजाची खाजगी मालमत्ता राणीला द्यावी. डलहौसीने ते दुरुस्त केलं. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक कायदेशीर आहे, म्हणून खाजगी मालमत्ता दत्तक मुलाची. म्हणजे दामोदरराव बापाच्या पैशाला मुलगा, पण बापाच्या गादीला परका. एकाच माणसाने, एकाच प्रकरणात, एकाच मुलाबद्दल हे दोन निर्णय दिले. तो पैसा मुलगा वयात येईपर्यंत म्हणून सरकारी ठेवीत ठेवला गेला.

मार्च १८५४ मध्ये एलिसवरच हुकूम वाचून दाखवायची वेळ आली. राणीला महिना ५००० रुपये पेन्शन आणि राहायला शहरातला वाडा. किल्ला सोडायचा, फौज मोडायची. विलायतेतल्या डायरेक्टर मंडळानेही पुढे हाच निकाल कायम केला.

वकिलाची भेट

आता लँगची भेट जवळून पाहू, कारण राणीचं प्रत्यक्ष वर्णन करणारे गोरे लोक फार थोडे आहेत. राणीचं पत्र त्याला फारसीत, सोनेरी कागदावर आलं होतं. सोबत आणायला माणसं आणि वाहन. भेटीआधी शिष्टाचाराची वाटाघाट झाली: त्याने जोडे बाहेर काढायचे, टोपी डोक्यावर ठेवली तरी चालेल. मग वरच्या मजल्यावर पडद्यासमोर बैठक.

बोलणं चालू असताना छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला ओढला आणि लँगला क्षणभर राणी दिसली. मध्यम उंची, अंगाने जराशी भरलेली, गोल चेहरा, सुरेख बोलके डोळे. अंगावर साधी पांढरी मलमल, दागिने म्हणाल तर कानात सोनं. आवाज मात्र गोड नव्हता, असं तो स्पष्ट लिहितो. चित्रपटांतल्या राण्यांपेक्षा हे वर्णन मला कितीतरी जवळचं वाटतं. महिनोन्‌महिने एकच मागणी पुन्हा पुन्हा मांडणाऱ्या बाईचा आवाज कसा असणार?

तिने त्याला हत्ती, उंट, घोडा, शालजोड्या अशी भेटवस्तूंची रांग दिली. त्याने अर्ज लिहून दिला. कलकत्त्याने तो फेटाळला.

निकालानंतरचा छळ

पुढची तीन वर्षं इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत संपतात. मला ती महत्त्वाची वाटतात, कारण माणूस मोठ्या अन्यायाने मोडतो त्यापेक्षा छोट्या छोट्या अपमानांनी जास्त पेटतो.

सुरुवातीला राणीने पेन्शन नाकारली, पुढे निर्वाहासाठी घ्यावी लागली. मग संस्थानची जुनी कर्जं त्या पेन्शनमधून फेडावीत असा तगादा लागला. संस्थान घेतलं सरकारने, संस्थानचं कर्ज मात्र विधवेच्या माथी. महालक्ष्मी हे नेवाळकरांचं कुलदैवत, झाशीतल्या तिच्या देवळाला गावं लावून दिलेली होती. ती सरकारजमा झाली. शहरात गोहत्येला मोकळीक मिळाली. राणीने आणि नगरवासीयांनी अर्ज केले, उपयोग झाला नाही. दामोदररावाची मुंज आली तेव्हा राणीने त्याच्याच ठेवीतून एक लाख रुपये मागितले. सरकारने जामीनदार मागितले: उद्या मुलाने मोठेपणी पैशाचा हिशोब विचारला तर? मुलाच्या हिताची एवढी काळजी त्याची गादी घेणाऱ्या सरकारला होती. राणीने जामीनदार उभे केले आणि मुंज थाटात लावली.

या प्रत्येक वेळी तिने रीतसर अर्जच केला आहे.

जून १८५७ आणि शेवटची पत्रं

५ जून १८५७ ला झाशीच्या छावणीतल्या शिपायांनी उठाव केला. इंग्रज कुटुंबांनी शहराच्या किल्ल्यात आश्रय घेतला. ८ जूनला ते बाहेर आले तेव्हा जोखनबागेत त्यांची कत्तल झाली. साठेक माणसं, त्यात बायका आणि मुलंही. हे भीषण कृत्य होतं आणि राणीवर प्रेम करणाऱ्यानेही ते तसंच म्हटलं पाहिजे. राणीने ते घडवलं याचा भरवशाचा पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

शिपाई दिल्लीकडे निघून गेल्यावर, १२ आणि १४ जूनला, तिने जबलपूरच्या कमिशनर अर्स्किनला पत्रं लिहिली. शिपायांनी वाडा तोफांनी उडवण्याची धमकी दिली, पैसा उकळला, इंग्रजांना वाचवण्याइतकं बळ माझ्याकडे नव्हतं, मुलखात बेबंदशाही माजते आहे, पुढे काय करावं ते कळवा. २ जुलैला अर्स्किनचं उत्तर आलं: आमचा अधिकारी येईपर्यंत सरकारच्या वतीने तुम्ही कारभार पाहा. वरच्यांनी मात्र तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही.

त्या हंगामात ओरछाची फौज नत्थे खानाच्या हाताखाली झाशीवर चालून आली, तीही आपण इंग्रजांच्या बाजूचे म्हणवत. राणीने इंग्रजांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. तिने जुन्या तोफा उकरून काढल्या, गोलंदाज गोळा केले, किल्ल्यावर नेवाळकरांचं निशाण चढवलं आणि शत्रूला पिटाळलं. साडेतीन वर्षांनी झाशीचा कारभार पुन्हा तिच्या हातात आला होता आणि तिने तो उत्तम चालवला. १८५८ च्या सुरुवातीपर्यंत तिची पत्रं इंग्रजांकडे जात होती. उत्तर म्हणून २१ मार्चला इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज आली.

वेढा, एका भिक्षुकाच्या नजरेतून

वेढ्याची हकीकत सर्वज्ञात आहे, ती मी लांबवत नाही. गुलाम घौस खानाच्या तोफा, बुरुजांवर दारूगोळा वाहणाऱ्या बायका (ह्यू रोजच्या माणसांनी दुर्बिणीतून पाहिल्याची नोंद आहे), ३१ मार्चला मदतीला आलेले तात्या टोपे आणि दुसऱ्याच दिवशी बेतवाकाठी त्यांचा मोड, ३ एप्रिलला तटावर इंग्रजांचा शेवटचा हल्ला, ४ एप्रिलच्या रात्री राणीचं निसटणं. राणीचे वडील मोरोपंत तांबे हाती लागले आणि त्यांना फाशी दिलं गेलं.

पण त्या शहरात तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते, हे मराठीचं भाग्य. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापून आणला. त्यात राणी पायजमा, बंडी, डोक्याला टोपीवर फेटा अशा वेशात दिसते, तशीच पांढऱ्या पातळातही दिसते. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यांना टोपी, बंडी आणि घोंगडी देण्याचा हुकूम सोडणारी राणी त्यांत आहे. आणि शहर पडल्यावरचं बिजनही आहे: घराघरांत शिरून पुरुषांना मारणं, दिवसांच्या हिशोबाने वाटून घेतलेली लूट, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस.

गोडसे भटजींची राणीशी शेवटची गाठ काल्पीजवळ पडली. लढाई हरून राणी चालली होती, तहानलेली, धुळीने माखलेली. भटजी विहिरीवर पाणी काढू लागले. तिने त्यांना थांबवलं. आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मातीच्या मडक्याने पाणी काढून ती ओंजळीने प्याली आणि म्हणाली की मी अर्धा शेर तांदुळाची धनीण, विधवेचा धर्म सोडून हा उद्योग करायची मला काय गरज होती, पण धर्माचा अभिमान धरून यात पडले आणि ईश्वराने यश दिलं नाही.

अर्धा शेर तांदूळ. १८५४ मध्ये ५००० रुपये महिना नाकारताना आणि १८५८ मध्ये विहिरीवर, तिचं म्हणणं एकच राहिलं. पोटाचा प्रश्न तिच्यापुढे कधीच नव्हता.

काल्पी २३ मे रोजी पडली, १ जूनला बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतलं, आणि जून १८५८ मध्येच कोटा की सरायजवळ झुंजताना ती पडली. बंडवाल्यांच्या सेनानींत सर्वांत शूर तीच, हे ह्यू रोजने लिहून ठेवलं.

आठवणीत कोणती राणी उरली

१८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी राणीचं मराठी चरित्र लिहिलं. इंग्रजी राज्य ऐन भरात होतं. पारसनीसांची राणी अन्यायाने नाडलेली, सरळमार्गी, नाइलाजाने युद्धात ओढली गेलेली. पंधरा वर्षांनी सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथात ती स्वातंत्र्ययुद्धाची नायिका झाली, आणि तो ग्रंथ बंदीत गेला. झाशीतच वकिली केलेल्या वृंदावनलाल वर्मांनी १९४६ च्या हिंदी कादंबरीत पारसनीसांना उत्तरच दिलं: राणी नाइलाजाने लढली नाही, स्वराज्यासाठी ठरवून लढली. महाश्वेतादेवींनी १९५६ मध्ये आपलं पहिलं पुस्तक तिच्यावर लिहिलं, त्यासाठी बुंदेलखंडात हिंडून लोकगीतं गोळा केली. त्यांतलं एक गाणं म्हणतं की राणीने दगडमातीतून फौज उभी केली. भा. रा. तांब्यांची कविता तर आपल्या पिढ्यांना पाठ आहे.

‘नाइलाजाने की ठरवून’ या वादात दोन्ही बाजूंनी अर्जांची राणी अडचणीची ठरते. नाइलाजवाल्यांना ते अर्ज तिच्या राजनिष्ठेचा पुरावा वाटतात, ठरवूनवाल्यांना ते झाकावेसे वाटतात. मला हा वादच चुकीच्या जागी उभा वाटतो. १८५४ चा खलिता आणि १८५८ ची तोफ यांत मागणी एकच आहे: झाशी कुणाची, हे ठरवण्याचा अधिकार कलकत्त्याला नाही. आधी तिने ती मागणी त्यांच्याच तहनाम्याच्या आधारे मांडली. ऐकलं गेलं नाही. मग तोफेने मांडली. जिने आधी सगळे सनदशीर दरवाजे ठोठावले तिचा लढा त्यामुळे उणा ठरत नाही, उलट तो नाकारणाऱ्यांना सांगायला कारण उरत नाही.

अर्ज करणारी राणी आपण विसरलो, याचा एक ठळक दाखला आहे. सुभद्राकुमारी चौहानांच्या गाजलेल्या हिंदी कवितेत राजा निःसंतान मरतो. भावनेच्या ओघात ते खरंच वाटतं. पण राजाला मुलगा नव्हता, ही तर डलहौसीची बाजू. राणीचं सगळं म्हणणं याच्या उलट होतं: मुलगा आहे, विधीने घेतलेला, तुमच्या अधिकाऱ्यांच्या देखत. गावोगावच्या चौकांत तिचे पुतळे आहेत, आणि बहुतेकांत तिच्या पाठीला एक मूल बांधलेलं आहे. आपण तिथे आई पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. पण ते मूल म्हणजे या दाव्यातला वारस आहे. झाशी सोडताना तिने त्याला बरोबर घेतलं यात माया होती तशी राजकीय भूमिकाही होती: दावा सोडलेला नाही.

वादी गेल्यावर

१ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचं वचन दिलं. १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या: औरस मुलगा नसेल तर दत्तक मान्य होईल. झाशीच्या खलित्यांतली मागणी बहुतेक शब्दशः इतरांच्या पदरात पडली. ओरछा आणि दतियालाही सनदा मिळाल्या. झाशी शहर आणि किल्ला १८६१ मध्ये शिंद्यांना दिला गेला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला गेला. नेवाळकरांचं नाव त्या देवघेवीत कुठेच नव्हतं.

दामोदरराव तेव्हा दहा वर्षांच्या आतबाहेरचा. राणी गेल्यावर मोजक्या विश्वासू माणसांबरोबर तो रानोमाळ भटकला, जवळचं सोनंनाणं संपत गेलं, शेवटी इंग्रजांच्या स्वाधीन होऊन इंदूरला आला. तुटपुंज्या पेन्शनवर त्याने उरलेलं आयुष्य तिथेच काढलं. आपल्या ठेवीसाठी तो सरकारकडे अर्ज करत राहिला. तीच ठेव, जी डलहौसीने १८५४ मध्ये स्वतःच्या सहीने त्याची ठरवली होती. ती त्याला मिळाली नाही. १९०६ मध्ये तो इंदूरलाच वारला.